आधी पोलीस, मग डॉक्टर?

‘अपघाताची केस आहे, एफआयआरशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, लावला तर तेच अडकतात.’ हा समज कोल्हापुरात घरोघरी आहे. शिरोली नाक्यावर दुचाकी घसरते, रुमाल रक्तानं भिजतो आणि माणसं पोलिसांची वाट बघतात. जीव तुटतो बघून.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४ नेमकं उलट सांगतं: ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागदोपत्री सोपस्कारांसाठी न थांबता लगेच उपचार करायचे. पोलिसांना कळवावं लागतं, एमएलसी, म्हणजे पोलीस-कायद्याशी संबंधित वैद्यकीय केस, अशी नोंदही होते. गैरसमजाचं मूळ बहुधा तेच. पण ते काम दवाखान्याचं, आणि त्यासाठी उपचार अडत नाहीत. सद्भावनेनं मदत करणाऱ्यालाही २०१९च्या दुरुस्तीतलं कलम १३४अ संरक्षण देतं. केंद्र सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर दोन्ही कलमं मोफत वाचता येतात.