दोषसिद्धीच्या नोंदींचे विलोपन

शिक्षा भोगून झाल्यावर कायद्याने ठरवलेला काळ नवा गुन्हा न करता घालवलेल्या व्यक्तीची जुनी दोषसिद्धी सरकारी दप्तरातून काढून टाकण्याच्या किंवा लोकांच्या नजरेआड ठेवण्याच्या प्रक्रियेस नोंदींचे विलोपन म्हणतात. माफीपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे, कारण माफीमुळे गुन्हा क्षमापित होतो, पण त्याची नोंद बहुधा तशीच राहते. किरकोळ चोरी, अमली पदार्थ जवळ बाळगणे अशा, कुणालाही शारीरिक इजा न झालेल्या गुन्ह्यांना ही सवलत मुख्यतः मिळते. मात्र ‘अहिंसक’ कशाला म्हणावे याबाबत एकवाक्यता नाही. घरात कुणी नसताना केलेली घरफोडीही अमेरिकेतील काही राज्यांत हिंसक गुन्ह्यांत मोजली जाते.

ब्रिटनच्या १९७४च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तेथे ठरावीक मुदतीनंतर दोषसिद्धी कालबाह्य मानली जाते आणि नोकरीच्या अर्जात ती न सांगितल्यास अर्जदारावर लपवाछपवीचा ठपका येत नाही. पोलिसांकडील नोंद मात्र कायम राहते व मुलांशी संबंधित कामांसारख्या अपवादांत ती पाहिली जाते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे असून बराच काळ सगळा भार अर्जदारावरच होता: कागदपत्रे गोळा करणे, शुल्क भरणे, बोटांचे ठसे देणे, न्यायाधीशासमोर उभे राहणे. मिशिगन राज्यातील नोंदींवर आधारलेल्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पात्र झाल्यापासून पाच वर्षांत केवळ ६.५ टक्के लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. उरलेल्यांना ही सवलत नकोच होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अनेकांना आपण पात्र आहोत हेच ठाऊक नव्हते, आणि ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्याच दारी पुन्हा जाण्याची धास्तीही होती. नोंद पुसली गेलेल्यांचे वेतन मात्र वर्षभरात सरासरी २० टक्क्यांहून अधिक वाढले आणि त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी आढळले.

यावर उपाय म्हणून अर्जाची अटच काढण्याचा विचार पुढे आला. पेनसिल्व्हेनियाने २०१८मध्ये पात्र नोंदी संगणकाद्वारे आपोआप मोहोरबंद करण्याचा, म्हणजे लोकांच्या नजरेआड ठेवण्याचा, कायदा केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. मिशिगनमध्ये ही व्यवस्था एप्रिल २०२३पासून सुरू झाली. कॅलिफोर्नियातही गांजा २०१६मध्ये कायदेशीर झाल्यावर जुन्या शिक्षा बदलून घेण्यासाठी आधी अर्जच करावा लागे. २०१८च्या कायद्याने पात्र व्यक्ती शोधण्याचे काम राज्याच्या न्याय विभागाकडे सोपवले.

सरकारी दप्तर कोरे झाले तरी त्याच्या प्रती बाहेर फिरत राहतात. पार्श्वभूमी तपासणाऱ्या खासगी कंपन्यांनी आधीच उतरवून घेतलेली माहिती आणि वृत्तपत्रांतील जुन्या बातम्या न्यायालयाच्या आदेशाने आपोआप नाहीशा होत नाहीत. शिवाय राज्याने पुसलेली दोषसिद्धी अमेरिकेचा संघीय स्थलांतर कायदा बहुतेक वेळा ग्राह्यच धरतो, त्यामुळे परदेशी नागरिकाला आपल्या जुन्या गुन्ह्याबद्दल विलोपनानंतरही हद्दपारीची कारवाई सोसावी लागू शकते.