हेजरोतील वनस्पती : लोकसमजुती आणि रानमेवा

हेजरो म्हणजे ब्रिटन व आयर्लंडमध्ये शेतांच्या हद्दीवर काटेरी झुडपे दाट लावून राखलेले जिवंत कुंपण. त्यातला बराच रानमेवा खाण्याजोगा असतो आणि नेमक्या त्याच झुडपांभोवती विधिनिषेध दाटलेले दिसतात.

हॉथॉर्न या काटेरी झुडपाचा फुलोरा घरात आणला की मृत्यू ओढवतो, असे मानत. त्या फुलांतील ट्रायमिथिलअमाइन हे रसायन कुजणाऱ्या मांसातही तयार होते, त्यामुळे या समजुतीला वासाचा आधार असावा. कोवळ्या पानांना मुले ‘ब्रेड अँड चीज’ म्हणत. चवीत मात्र ना पाव, ना चीज.

एल्डरच्या झाडात एक म्हातारी वसते, तिची परवानगी घेतल्याशिवाय फांदी तोडू नये, लाकूड तर जाळूच नये, असा समज होता. फुलांचे सरबत तरीही घरोघरी होते. जूनमध्ये कोरड्या हवेत नुकतेच उमललेले सुमारे 20 घोस खुडावेत. ते झटकून किडे काढावेत, पण धुऊ नयेत, कारण सुगंध परागकणांबरोबर वाहून जातो. दीड लिटर पाण्यात अडीच किलो साखर गरम करून विरघळवावी, आच बंद करून घोस, दोन लिंबांच्या चकत्या व 85 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालावे आणि 24 तासांनी गाळावे. तपकिरी पडू लागलेल्या फुलांना मांजराच्या मुताचा दर्प येतो. असा एक घोसही सगळे सरबत नासवतो. एल्डरची फळे कच्ची खाल्ल्यास उलट्या होतात, म्हणून ती शिजवूनच घ्यावीत. पांढऱ्या घोसांमुळे विषारी हेमलॉकशी गल्लत होऊ शकते. हेमलॉकचा दांडा मऊ, जांभळ्या ठिपक्यांचा असतो, एल्डरचे खोड लाकडी.

ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाची ‘स्लो’ नावाची फळे टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तोंड आवळतात. पहिल्या हिमानंतर ती मऊ पडतात. फ्रीझरमध्ये गोठवल्यासही साल फुटून रस सुटतो. 500 ग्रॅम फळे, 250 ग्रॅम साखर आणि एक लिटर जिन हे मद्य बरणीत भरून, अधूनमधून हलवत, तीन महिने मुरवतात. काटा मोडून सांध्यात रुतला तर सूज हटत नाही, म्हणून जाड हातमोजे हवेतच.

29 सप्टेंबरच्या मायकलमस या ख्रिस्ती सणानंतर सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो, म्हणून ती तोडत नाहीत. त्या सुमारास ओल्या गारठ्याने फळ खरोखरच पचपचीत होते, बुरशी धरते.

रानगुलाबाच्या फळांतील ‘क’ जीवनसत्त्वासाठी दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटनभर गोळा केली गेली. आतल्या बारीक केसांनी घसा व आतडी खाजतात. म्हणून या फळांचा पाक मलमलीतून दोनदा गाळावा.

इंग्लंड व वेल्समध्ये 1968 च्या चोरीविषयक कायद्यानुसार रानफळे-फुले स्वतःसाठी खुडणे चोरी नव्हे, विक्रीसाठी खुडणे मात्र चोरी ठरते. मुळासकट रोप उपटायचे तर 1981 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे जमीनमालकाची परवानगी लागते.