ऑगरने खांबाचे खड्डे घेताना: माती वर का येते आणि मशीन हातातून का फिरतं

पेट्रोलवर चालणाऱ्या ऑगरचं, म्हणजे खड्डे घेणाऱ्या मशीनचं, बिट (जमिनीत फिरत शिरणारा भाग) जमिनीला टेकवून रेस दिली की पहिले काही सेकंद काम फारच सोपं वाटतं. बिटाभोवती भुसभुशीत मातीचं रिंगण साचत जातं, पहिली १५-२० सेंटिमीटर खोली बघता बघता गाठली जाते. मग माती वर येणं मंदावतं, इंजिनाचा आवाज जड होतो आणि माणूस नकळत हँडलवर अंगाचा भार टाकतो. बहुतेक घोटाळे इथून सुरू होतात, कारण त्या क्षणी कमी पडत असते ती माती बाहेर जायची वाट, आणि आपण मात्र वरून दाब वाढवत असतो.

बिटाला दोन वेगळी कामं असतात. तळाशी मधोमध टोक आणि त्याच्या दोन बाजूंना बोल्टने बसवलेली पाती असतात. टोक केंद्र धरून ठेवतं आणि पाती माती कापतात. त्यांच्यावर दांड्याभोवती गुंडाळलेली पोलादी पट्टी म्हणजे मळसूत्र. कापलेली माती वर नेणं हे त्याचं काम, आणि ते कसं होतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

नट आणि बोल्ट डोळ्यांसमोर आणा. नट बोटांत घट्ट धरून बोल्ट फिरवला तर नट पुढे सरकतो. नट मोकळा सोडला तर तो बोल्टबरोबर गरगर फिरतो, पण जागचा हलत नाही. खड्ड्यात माती म्हणजे नट, आणि तिला धरून ठेवणारी बोटं म्हणजे खड्ड्याची भिंत. फिरत्या मळसूत्रावरची माती बाहेर फेकली जाऊन भिंतीला घासते, भिंत तिला अडवते, म्हणून ती मळसूत्रावरून वर सरकते. २०० मिलिमीटरचं बिट मिनिटाला २०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेवरची माती स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेचारपट जोराने भिंतीवर दाबली जाते. फेरे निम्मे केले की हा जोर निम्मा न होता चौथाईवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. सुट्या मातीत अर्धवट रेस देऊन खोदणाऱ्याची माती वर न येता बिटाबरोबर नुसती का फिरते, त्याचं उत्तर या गणितात आहे. टोक जमिनीत रुतेपर्यंत रेस कमी ठेवायची, पाती पूर्ण आत गेली की पूर्ण द्यायची आणि हात हलका ठेवायचा. दाब मशीनच्या वजनाचा पुरतो.

ओल्या चिकणमातीत हाच नट बोल्टला चिकटतो. मातीची पोलादाशी चिकटण्याची ताकद भिंतीच्या घर्षणापेक्षा जास्त ठरते, मळसूत्राच्या फटी बुजतात आणि बिटाचा एक गुळगुळीत दंडगोल होतो. वरून पाहिलं तर मशीन जोरात फिरतंय, पण खोली तसूभरही वाढत नाही. अशा वेळी बिट बाहेर काढायचं, इंजिन बंद करायचं आणि लाकडी फळीच्या कडेने माती खरवडायची. बिट फिरत असताना बुटाने माती झाडण्याची सवय भल्याभल्यांना असते. पाय गमावण्याचा तो सोपा मार्ग आहे.

माती किती निघते याचाही अंदाज असू द्या. २०० मिलिमीटर व्यासाच्या आणि ६० सेंटिमीटर खोल खड्ड्यातून जवळजवळ १९ लिटर घट्ट माती निघते. मोकळी झाल्यावर ती साधारण चौथाईने फुगते, म्हणजे २३-२४ लिटर. वजन ३० किलोच्या आसपास. ही सगळी माती मळसूत्राच्या अरुंद वाटेने वर यायची आहे. म्हणून दर १०-१५ सेंटिमीटरला बिट फिरतं ठेवूनच वर उचलायचं, माती झटकू द्यायची आणि पुन्हा खाली सोडायचं. काठावरचा ढीग अधूनमधून मशीन थांबवून फावड्याने मागे ओढायचा, नाहीतर निम्मी माती परत आत पडते आणि तीच पुन्हा उपसावी लागते.

हातातला झटका

इंजिन छोटं असलं तरी गिअरबॉक्स त्याचा जोर कितीतरी पटींनी वाढवतो. हाताने धरायच्या मशीनमध्ये साधारण ४३ ते ७१ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. ते मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतं आणि गिअरबॉक्स त्याचे दोनेकशे करतो. वेग तीसेक पटींनी घटला की पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) तेवढाच वाढतो. दीड किलोवॅटच्या इंजिनाचा बिटावरचा पीळ, गिअरमधली गळती धरून, ६०-७० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. जेवढा पीळ बिट जमिनीला देतं, तेवढाच उलट्या दिशेने हँडलला मिळतो. हँडलच्या मुठी ५० सेंटिमीटर अंतरावर असतील तर प्रत्येक हातावर १३-१४ किलोचा जोर आला. संथपणे आलेला एवढा जोर कुणीही पेलतो.

अडचण येते ती पातं दगडात किंवा मुळात अडकल्यावर. बिट क्षणार्धात थांबतं, पण इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे त्याच्या दांड्यावरचं जड चाक, अजून फिरत असतं. गिअरबॉक्समधून पाहिल्यास फ्लायव्हीलचं जडत्व गिअरच्या पटीच्या वर्गाने वाढतं. ३० पटींचा गिअर असेल तर ९०० पट. ती सगळी साठलेली ऊर्जा क्लच घसरेपर्यंत हँडलमध्ये उतरते. मनगट मुरगळतं किंवा बरगडीला मार बसतो तो याच झटक्याने.

म्हणून उभं कसं राहायचं हे आधी ठरवा. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, त्यामुळे अडकल्यावर मशीन उलट्या दिशेने फिरू पाहतं. डावं हँडल अंगावर येतं, उजवं पुढे पळतं. डावी मांडी डाव्या हँडलला सुरुवातीपासूनच टेकवून ठेवली तर हँडलला वेग घ्यायला जागाच उरत नाही. धक्का बसायच्या ऐवजी नुसता रेटा जाणवतो. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, मुठी अंगठ्यासकट आवळलेल्या. रेसचा खटका दोरीने किंवा टेपने दाबून ठेवायचा मोह आवरा. बोट सुटताच रेस उतरणं हा तुमचा पहिला बचाव आहे. काही मशीनमध्ये झटका आल्यावर बिट थांबवणारा ब्रेक असतो. खरेदीच्या वेळी पैसे वाचवायचे तर ते दुसऱ्या कशावर तरी वाचवा.

व्यास वाढवताना जरा थांबून विचार करावा. प्रत्येक फेऱ्यात तेवढीच जाडी कापायची ठरवली तर लागणारा पीळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १५० चं बिट काढून ३०० चं लावलं तर पीळ चौपट लागतो, इंजिन मात्र तेच राहतं. एका माणसाने २०० मिलिमीटरपर्यंत जावं. त्यापुढे दोन माणसांचं मशीन घ्यावं आणि रेस कोणाच्या हातात हे आधी ठरवून घ्यावं. घट्ट जमिनीत आधी १०० चं बिट घालून मग मोठं लावण्याची युक्ती चालते, पण तेव्हा मोठ्या बिटाच्या टोकाला मधे धरायला माती नसते आणि ते भरकटतं. पहिली २० सेंटिमीटर फार सावकाश जावं लागतं.

बिट रुतलं तर

मऊ, ओलसर मातीत घट्ट जमिनीच्या बरोबर उलटं घडतं. पाती कापायच्या आधीच मळसूत्र बुचाच्या स्क्रूसारखं स्वतःला आत ओढून घेतं. पट्टीच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १२ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला २०० फेरे असेल, तर एका सेकंदात बिट ४० सेंटिमीटर आत जाऊ शकतं. काय झालं हे कळेपर्यंत गिअरबॉक्स जमिनीला टेकलेला असतो. अशा जमिनीत मशीनचा भार थोडा हातांवर उचलून धरायचा आणि बिटाला कापण्यापुरतंच खाली जाऊ द्यायचं.

तरीही रुतलंच, तर पूर्ण रेस देऊन उपटायचा प्रयत्न करू नका. बिट थांबलेलं आणि इंजिन फिरतंय, म्हणजे क्लच घसरतोय. दोन-तीन सेकंदांतच जळका वास येतो आणि त्याच्या पाठोपाठ नव्या क्लचचा खर्च. इंजिन बंद करा, प्लगची वायर काढा, जोडपिन काढून इंजिन वेगळं करा आणि दांड्याला पाइप पाना लावून बिट काट्याच्या उलट दिशेने फिरवा. ते आलं तसं स्क्रूसारखंच बाहेर येतं. सरळ वर ओढण्यात अर्थ नसतो, विशेषतः चिकणमातीत. बिटाखाली हवा शिरायला फट नसते आणि उचलताना तिथे पोकळी तयार होते. २०० मिलिमीटरच्या खड्ड्यात पूर्ण पोकळी झाली असं धरलं तर हवेचा दाब बिटाला ३०० किलोहून अधिक जोराने खाली धरून ठेवेल. प्रत्यक्षात एवढी पोकळी होत नाही, पण चौथाई जरी झाली तरी कंबर धरते. बिट हळू फिरवत वर आणलं की कडेने हवा आत शिरते आणि पकड सुटते.

दगड लागल्याचं हाताला लगेच कळतं: मशीन थडथडतं, आवाज तुटक होतो. तिथे थांबून पहारीने दगड सैल करून काढायचा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ कुऱ्हाडीने किंवा करवतीने तोडायचं. सलग खडक लागला तर मातीचं बिट तिथे कुचकामी, जागा सरकवा. कोरड्या, टणक चिकणमातीत टोक नुसतं घासत राहतं. अशा जागी पहारीने वीतभर खळगा करून आदल्या संध्याकाळी १०-१५ लिटर पाणी ओतून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काम निम्म्यावर येतं. ओल बरोबर आहे का हे मुठीत कळतं. माती दाबून गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर खोदा. तिची वळकटी होत असेल तर एक-दोन दिवस थांबा. वाळूत अडचण वेगळीच असते. बिट काढलं की भिंत ढासळते, म्हणून थोडं पाणी मारून वाळू दमट करायची आणि खांब लगोलग उभा करायचा.

खोदण्याआधी जमिनीखालून वीज, गॅस किंवा पाण्याची लाइन जात नाही याची खात्री करणं अटळ आहे. मग दोन टोकांच्या खुंट्यांना दोरी ताणून जागा आखायच्या, प्रत्येक जागी पहारीने मध्यबिंदूचा खळगा करायचा आणि दोरी काढून ठेवायची. फिरत्या बिटाजवळ दोरी नको, ओढणी नको, सैल बाही नको. दांडा ओळंब्यात आहे का हे काटकोनातल्या दोन बाजूंनी बघावं लागतं. एका बाजूने सरळ दिसणारं बिट दुसरीकडून झुकलेलं असतं, आणि झुकलेलं बिट भिंतीला घासत अर्धी ताकद तिथेच जिरवतं. खोलीची खूण दांड्यावर रंगाने करावी. खांबाच्या एकूण लांबीच्या एक तृतीयांश भाग जमिनीत, हा चालू हिशोब आहे. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना त्याहून जास्त खोली द्यावी. तळाशी सुटी माती उरतेच, म्हणून ५-८ सेंटिमीटर जादा खोदून तळ चोपून घ्यावा.

इंधनात चूक झाली तर ती महागात पडते. या मशीनच्या टू-स्ट्रोक इंजिनात वेगळी ऑइल टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं. मशीनच्या पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ४०:१ असेल तर २५ आणि ५०:१ असेल तर २०. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरचं तोंड काजळीने बुजतं. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून करायचं, टाकीत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. चोक लावून बऱ्याचदा दोरी ओढूनही सुरू होत नसेल तर इंजिन पेट्रोलने भरलेलं असतं: प्लग काढून पुसावा, चोक उघडून चार-पाच वेळा दोरी ओढावी, मग प्लग परत बसवावा.

धुळीत काम असल्याने एअर फिल्टर रोज बघा. तो बुजला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त होतं, ताकद पडते आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो. नुसत्या आयडलवर, म्हणजे रेस न देता, बिट फिरत असेल तर काम थांबवा. आयडलचा स्क्रू जास्त आवळलेला असतो किंवा क्लचची स्प्रिंग तुटलेली असते. कानाशी आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कानाला इअर मफ हवेतच. बंद शेडमध्ये हे इंजिन चालवू नये, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पात्यांची धार गेली की बिट कापायचं सोडून घासायला लागतं आणि निघालेल्या मातीत ढेकळांऐवजी पीठ दिसतं. पाती उलटवा किंवा बदला, आणि झिजलेलं टोकही त्याच वेळी बदला.

चिकणमातीत ऑगरने घेतलेल्या खड्ड्याची भिंत घोटून चकचकीत होते. ती बोटाने चाचपली तर मडक्याच्या आतल्या बाजूसारखी लागते. तिथे पाणी मुरत नाही, मुळं शिरत नाहीत आणि भरलेली माती भिंतीशी जुळत नाही. पहारीने तिला चहूबाजूंनी ओरखडे काढा. मग खांब उभा करून माती एकदम न ओतता १०-१५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकायची आणि प्रत्येक थर धुमसाने चोपायचा. खांब दुसऱ्या दिवशी उभे करायचे असतील तर प्रत्येक खड्ड्यावर फळी आणि फळीवर दगड ठेवून जा.