कृष्णाकाठचे बोट क्लब

सांगली शहरात आणि आसपासच्या नदीकाठच्या गावांत होडी वल्हवण्याच्या सरावासाठी व शर्यतींसाठी तरुणांनी उभी केलेली मंडळे. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान, दुधगाव या गावांना होड्यांच्या शर्यतींची आवड जुनी आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पात्र भरून वाहू लागले की सांगलीच्या घाटांसमोर शर्यती लागतात आणि आयर्विन पुलाचा कठडा माणसांनी भरून जातो. नावात ‘क्लब’ असला तरी या मंडळांचा तोंडवळा गावातल्या तालमीचा आहे. होडी सगळ्यांची, वर्गणी गल्लीची आणि शिकवणारा आदल्या पिढीतला वल्हेकरी, अशी त्यांची साधारण रचना असते.

या प्रथेला नदीच्या रचनेची साथ आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड करत सांगली जिल्ह्यात येते. तिला कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा आणि सांगलीच्या थोडे खाली हरिपूरला वारणा मिळते. म्हणजे सांगली शहर दोन संगमांच्या मध्ये वसले आहे. वरून कोयनेचे पाणी सोडलेले असावे आणि खाली वारणाही फुगलेली असावी, असे झाले की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबत जाते. ‘आयर्विनला किती फूट?’ हा प्रश्न श्रावणात सांगलीत घराघरांत विचारला जातो. पुलाजवळच्या मापावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. शर्यतीला पाणी त्याच्या बरेच खाली, पण दोन्ही काठ भरलेले लागते. पात्रात खडक उघडे पडलेले नसावेत आणि पाणी मळीच्या (काठच्या गाळाच्या) रानात शिरलेलेही नसावे, अशा मोजक्या दिवसांत होडीवाल्यांचा हंगाम बसतो.

पूल होण्यापूर्वी नदी ओलांडायची ती नावेनेच. सांगली आणि सांगलीवाडी यांच्यामधले पात्र असो किंवा वारणेकाठच्या गावांचे उतार, माणसे, जनावरे, वैरण, बाजाराचा माल सगळे नावेतून जाई. हे काम कोळी आणि आंबी समाजांतली घराणी करत. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला, पुढे बंधारे आणि आणखी पूल झाले, तशी एकेका घाटावरची नाव बंद पडली. पोटासाठी वल्हे धरण्याची गरज उरली नाही. पण दर काही वर्षांनी नदी गावात येतच राहिली आणि त्या दिवसांत नाव हाकता येणारा माणूस पुन्हा हवाच असे. बोट क्लबांचे खरे महत्त्व इथे आहे. नावाड्याच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या त्यांनी साऱ्या गावाची केली. शर्यतीच्या ईर्ष्येमुळे ती टिकली. नाहीतर दोन पिढ्यांत ती विसरली गेली असती.

नावेखेरीज पाण्याशी झुंजण्याची इतर साधनेही या भागात होती. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाशी बांधून पोहणे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरांना पोहायला शिकवणे आणि पूर आला की गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील पाण्यात लोटून तिच्यातून पलीकडे जाणे, हे सगळे जुन्या माणसांनी केलेले आहे. काहिलीला तोंडही नाही आणि शेपूटही नाही, त्यामुळे वल्हे एका बाजूला मारले की ती जागच्या जागी गरगर फिरते. तिला सरळ नेता येणाऱ्याला होडी अवघड जात नाही, असे काठावरचे लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

क्लबात येणारा पोरगा आधी पोहायला शिकलेला असावा लागतो. हा नियम लिहिलेला नसला तरी पक्का असतो. त्याच्या अंगात बहुधा तालमीची मेहनत असते. कवठेपिरान हे हिंदकेसरी मारुती माने यांचे गाव. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी कुस्तीत सुवर्णपदक मिळवले. अशा गावांत जोर-बैठका काढून कमावलेली पाठ आणि मांड्या वल्ह्यावर कामी येतात. वल्हे नुसत्या दंडाने ओढणारा पाच-दहा मिनिटांत गळतो. पाय टेकवून, कंबरेतून मागे जात, पाठीच्या जोरावर ओढणारा शेवटपर्यंत टिकतो. सुरुवातीचे काही दिवस तळहाताला फोड येतात, फुटतात, मग तिथली कातडी जाड होते. वल्ह्याच्या मुठीला चिंधी गुंडाळण्याची पद्धत याच कारणाने आहे.

लाकडी होडी सांभाळणे हे शर्यतीपेक्षा जास्त वेळ खाणारे काम आहे. उन्हाळ्यात होडी काठावर पडून राहिली की फळ्या सुकतात, आक्रसतात आणि सांधे उघडे पडतात. पहिल्यांदा पाण्यात लोटलेली सुकी होडी हमखास गळते. म्हणून हंगामाआधी सांध्यांत काथ्या किंवा कापूस ठासून बसवतात, वरून डांबर लावतात आणि होडी काही दिवस पाण्यातच ठेवतात. लाकूड पाणी पिऊन फुगते, फळी फळीला भिडते आणि गळती आपोआप कमी होते. तरी तळाशी थोडे पाणी राहतेच. ते उपसायला एक डबा नेहमी ठेवलेला असतो आणि तो नव्या पोराच्या हाती असतो. पाणी उपसता उपसता त्याला होडीचा तोल कळतो. कोण उठला की ती कुठे कलते, कुणाच्या बाजूला जड होते, हे वल्हे हाती येण्याआधीच त्याच्या अंगात मुरलेले असते. शिकवण्याची याहून चांगली पद्धत सापडणे कठीण.

शर्यतीत जोर लागतोच, पण निकाल बहुतेकदा लयीवर आणि सुकाणू धरणाऱ्यावर ठरतो. सगळी वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत. एक वल्हे मागे राहिले की होडीचे तोंड वळते, मग सुकाणू मारावे लागते आणि मारलेले सुकाणू म्हणजे होडीला लावलेला ब्रेक. नवखे संघ घाईने भराभर, पण तोकडे वल्हे मारतात. पाणी उडते, होडी मात्र फारशी पुढे जात नाही. मुरलेला संघ कमी वेळा, पण लांब आणि खोल ओढ घेतो. दोन ओढींच्या मधल्या क्षणात होडी आपल्या वेगाने सरकत राहते. काठावर हलगी कडाडत असते, लोक गावाचे नाव घेऊन ओरडत असतात, त्या गोंगाटात ही लय धरून ठेवणे फार अवघड असते.

वाहत्या नदीत पाण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो, हे सुकाणूवाल्याचे भांडवल. पात्राच्या मध्यावर धार सगळ्यात जोरात, काठाला ती मंदावते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि वेगाचे, आतल्या अंगाला उथळ आणि संथ. मळी साचते ती तिथेच. म्हणून प्रवाहाबरोबर जाताना होडी मध्यावर ठेवायची आणि प्रवाहाविरुद्ध येताना काठ धरायचा, पण इतकाही नाही की वल्हे तळाला टेकेल. वळसा, म्हणजे खुणेला फेरी घालून मागे फिरणे, हा शर्यतीतला सर्वांत कसोटीचा क्षण. होडी आडवी झाली की पाणी तिला पूर्ण अंगाने खाली ढकलते. वरच्या बाजूच्या खुणेला वळताना खुणेच्या बरेच पुढे जाऊन वळावे लागते, नाहीतर प्रवाह होडी खुणेवरच आणून आदळतो. खालच्या खुणेला उलट, वळण आधीच धरावे लागते. उशीर झाला तर होडी वाहत दूर जाते आणि तेवढे अंतर प्रवाहाविरुद्ध परत कापावे लागते. पुलाच्या खांबांमागे भोवरे असतात, त्यांच्यापासून लांब राहणे शहाणपणाचे. जिंकलेल्या होडीला रोख इनाम, ढाल किंवा चषक मिळतो आणि गावात गुलाल उधळला जातो.

शर्यतीव्यतिरिक्त वर्षभरात होडी लागण्याचे प्रसंग येतात. सांगली संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी सरकारी घाटावर होते; त्या दिवशी आणि अनंत चतुर्दशीला नदीत माणसे फार असतात, तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यांनी पाण्यात असणे गरजेचे असते. मात्र होडीवाल्यांचा कस लागतो तो महापुरात.

२००५ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर पोहोचले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड हे भाग आधी बुडतात, मग पाणी गावभागाकडे, म्हणजे जुन्या सांगलीकडे, सरकते. अशा वेळी नदी आणि रस्ता यांतला फरकच मिटतो. पाण्याखाली कुंपणाच्या तारा, कंपाउंडच्या भिंती, लावलेल्या मोटारसायकली असतात आणि डोक्याच्या उंचीवर विजेच्या तारा लोंबत असतात. बाहेरून आलेल्या बचाव पथकाजवळ रबरी बोटी आणि इंजिने असतात. गल्ली कुठे संपते आणि विहीर कुठे आहे, हे स्थानिक होडीवाल्यालाच ठाऊक असते. उसाचा पाला, कपडे, तार इंजिनाच्या पंख्यात अडकली की बोट जागीच बंद पडते. वल्ह्याला ती भीती नाही. दोन्ही प्रकारच्या बोटी आणि दोन्ही प्रकारची माणसे एकत्र असणे हीच पुरातली खरी तयारी आहे.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा बळी गेला. त्यांत बायका आणि लहान मुलेही होती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. पुराच्या भीतीने काठावर उभ्या असलेल्या माणसांना ‘पुढच्या फेरीला’ म्हणणे किती कठीण असते, हे ज्याने तो प्रसंग पाहिला आहे त्यालाच कळेल. पण नावाड्याच्या विद्येत वल्हे मारण्याइतकेच हे नाही म्हणणेही येते. प्रत्येक होडीवर ती किती माणसांची हे ठळक रंगवलेले असावे आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे, याबाबत कोणत्याही गावाने तडजोड करू नये.

पूर ओसरल्यावर नदीच्या तक्रारी वेगळ्या असतात. पावसाळ्याआधी काढलेले बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पुन्हा घातले की पाणी अडते आणि सरावाला पातळी मिळते, पण त्याच साचलेल्या पाण्यात गावांचे सांडपाणी आणि साखर कारखान्यांतली टाकाऊ मळी उतरते. पाणी काळे पडून मासे मरून तरंगल्याचे प्रसंग सांगलीकरांनी पाहिले आहेत. औदुंबर, भिलवडीपासून डिग्रज, सांगलीवाडीपर्यंत मगरींचा वावर आहे. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडतात. नदीत उतरलेल्या माणसांवर त्यांनी हल्ले केले आहेत. त्यामुळे पहाटेच्या अंधारात होडी काढणे आणि सरावानंतर पाण्यात डुंबत राहणे दोन्ही टाळावे लागते.

खेळ म्हणून पाहता या शर्यती ऑलिंपिकमधल्या रोइंगपासून दूर आहेत. तिथे होडी अरुंद व हलकी, पाणी संथ, बैठक सरकती आणि शर्यत २००० मीटरची. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा १९२८ मध्ये सुरू झालेला बोट क्लब हा महाराष्ट्रातील त्या परंपरेचा ठळक नमुना आहे. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत १३ वा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्ण मिळवले. पाण्याशी लहानपणी संबंध न आलेला दुष्काळी भागातला मुलगा इतका पुढे जातो, तर कृष्णाकाठच्या पोरांकडून अपेक्षा ठेवायला जागा आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये किनारी रोइंगचा समावेश झाला आहे. त्यात स्पर्धक वाळूवरून पळत जाऊन होडीत बसतो, लाटांतून खुणांना वळसे घालत जातो आणि परत येऊन पळतच शर्यत संपवतो. होड्या रुंद असतात, पाणी हलते असते आणि वळसा महत्त्वाचा ठरतो. खवळलेल्या पाण्यात वळसा मारण्याची सवय इथल्या मुलांना आहे. सरकत्या बैठकीची होडी, मोजून दिलेला सराव आणि जाणता प्रशिक्षक या गोष्टी मात्र उभ्या कराव्या लागतील. त्यांत मुलींनाही जागा हवी. नदीकाठच्या मुली पोहतात, तालमीत कुस्ती करतात, पण होडीच्या वल्ह्यावर त्या अजून फारच कमी दिसतात.