हर्नियाची जाळी आणि आतड्याची धास्ती

हर्नियात पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे बाहेर फुगते; ती जागा भक्कम करायला शस्त्रक्रियेत कृत्रिम जाळी बसवतात. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत चक्क मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. पुढे अशाच स्वस्त कापडाची चाचणी युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरले. मग आतडे चिकटू नये म्हणून लेप दिलेल्या, कितीतरी पट महाग जाळ्या हव्यात कशाला?

हे रुग्ण जांघेच्या हर्नियाचे होते. तिथे जाळी स्नायूंच्या थरांत बसते, आतड्याशी तिची गाठच पडत नाही. सिझेरियनच्या किंवा दुसऱ्या जुन्या टाक्यांतून फुगलेल्या हर्नियात मात्र दुर्बिणीने जाळी बऱ्याचदा पोटाच्या आतून, थेट आतड्यांसमोर लावली जाते. १९९३पासून रूढ होत गेलेली ही पद्धत झटपट आणि सोयीची. धोकाही तिथेच.

पोटाच्या आत आणि आतड्यांवर उदरावरणाचा पातळ, ओलसर पडदा असतो. तो खरचटला की काही तासांत तिथे फायब्रिन हे चिकट प्रथिन साचते. शरीर ते विरघळवतही असते आणि साधारण आठवडाभरात पडद्याचा नवा थर येतो. कातडीची जखम कडेने भरत येते. हा पडदा मात्र सगळीकडे एकदमच भरतो, त्यामुळे छोट्या-मोठ्या जखमेला जवळपास सारखाच वेळ लागतो. पण फायब्रिन उरले आणि त्यात तंतू विणणाऱ्या पेशी शिरल्या, तर आतडे तिथे कायमचे चिकटते.

आता पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या साध्या जाळीची पंचाईत बघा. तिच्या छिद्रांत तंतू वाढून ती पोटाच्या भिंतीत रुजावी, म्हणूनच तर ती घालतात. समोर स्नायू आहे की आतडे, हे तिला कुठून कळणार? आतडे चिकटले की कधी त्याला पीळ बसून मार्ग अडतो; क्वचित जाळी आतड्यात घुसून भोक पडते. पुढे दुसऱ्या कारणासाठी पोट उघडावे लागले, तर चिकटलेले आतडे सोडवताना फाटण्याची भीती असते ती वेगळीच.

यावर तोड म्हणून दुतोंडी जाळ्या आल्या. भिंतीकडची बाजू खरखरीत. आतड्याकडची गुळगुळीत, किंवा कोलॅजन, सेल्युलोज अशा विरघळणाऱ्या पदार्थाने मढवलेली. पडदा नव्याने येईपर्यंत लेपाने किल्ला लढवायचा, एवढीच अपेक्षा. त्याने चिकटणे कमी होते, थांबत नाही. आणि लेपाचा अतिरेक उलटूही शकतो. फिजिओमेश या जाळीला दोन्ही बाजूंनी पातळ आवरण होते. जर्मनी आणि डेन्मार्कमधल्या नोंदींत तिच्यानंतर हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण जास्त दिसले आणि २०१६ साली ती बाजारातून मागे घेतली गेली.

म्हणूनच मला लेपापेक्षा जागेची युक्ती अधिक पटते. पोटाच्या सरळ स्नायूमागे थर मोकळा करून तिथे जाळी पसरायची. मधे शरीराचाच पडदा शाबूत. उघड्या शस्त्रक्रियेत फ्रान्सच्या रीव्ह आणि स्टोपा यांच्या नावाने हे जुनेच तंत्र ओळखले जाते. आता ते दुर्बिणीनेही होते, ‘ईटेप’ म्हणून. साधी, स्वस्त जाळी चालते. मात्र वेळ जास्त लागतो, हात सरावाचा लागतो, आणि आतला पडदा फाटला तर तो शिवून घ्यावाच लागतो. नाहीतर त्या भोकात आतडे अडकू शकते.

बाकी खबरदारी साधी वाटते, पण मोलाची आहे: आतडे हळुवार हाताळणे, रक्त साचू न देणे, ऊती कोरड्या न पडू देणे. हातमोज्यांची पावडरदेखील चिकटण्याला हातभार लावते. अमेरिकेत २०१७पासून पावडरच्या मोज्यांवर बंदीच आहे.

जाळी बसवलेल्या माणसाला कळ येऊन पोट दुखले, फुगले, उलट्या झाल्या आणि वारा सरेनासा झाला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी ओवा चावत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जाळी कोणती, कुठल्या थरात बसवली, हे लिहिलेला डिस्चार्जचा कागद सोबत न्यावा.