पासवर्ड बरोबर आहे, तरी फोल्डर उघडेना

छोट्या ऑफिसात फोल्डर शेअर करायला दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर यूजरनेम-पासवर्ड विचारणारी खिडकी येते आणि तिथेच गाडी अडते.

विंडोजच्या साध्या 'वर्कग्रुप'मध्ये प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या यूजरांची यादी स्वतःपुरती ठेवतो. त्यामुळे फाइली ज्या मशीनवर आहेत, तिथलंच खातं चालतं. पासवर्ड मात्र सहसा वायरवरून जात नाही. समोरचं मशीन एक कसलाही आकडा पाठवतं, तुमचं मशीन पासवर्डच्या आधारे त्याचं उत्तर काढतं आणि दोन्हीकडचं गणित जुळलं की प्रवेश मिळतो.

विंडोजच्या लेखी तुमच्या नावाला फारशी किंमत नसते. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. फोल्डरवरचे हक्क त्या क्रमांकावर नोंदवलेले असतात. खातं डिलीट करून त्याच नावाने पुन्हा उघडलं तर क्रमांक नवा येतो आणि जुने हक्क लागू होत नाहीत. एवढ्यासाठी तरी हक्क माणसाला देण्याऐवजी 'हिशेब', 'विक्री' अशा ग्रुपला द्यावेत. शिवाय परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरवर आणि डिस्कवरच्या फोल्डरवर. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांतली जास्त कडक असेल ती लागू पडते. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडावं.

माणसं वाढली की प्रत्येक मशीनवरच्या वेगळ्या याद्या सांभाळणं अशक्य होतं. मग डोमेन करून एकच यादी सर्व्हरवर ठेवतात. तिथे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जन्मलेली कर्बेरॉस पद्धत सकाळी लॉगिन करताच ठरावीक मुदतीचं तिकीट देते आणि पुढे त्यावरच काम चालतं. तिकिटावर वेळ असल्यामुळे मशीनचं घड्याळ 5 मिनिटांहून जास्त चुकलं, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

फाइलींची ही देवाणघेवाण एसएमबी या प्रोटोकॉलवर, म्हणजे मशीनांच्या आपसांतल्या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर, चालते. त्याची सुरुवात 1983 साली आयबीएममध्ये झाली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 साली त्याला जुळणारं सॉफ्टवेअर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलं, तेच आजचं सांबा. बाजारातल्या अनेक नॅस पेट्यांत, म्हणजे नेटवर्कला जोडून फाइली ठेवायच्या डिस्कच्या पेट्यांत, तेच असतं.

एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र बंदच ठेवा. मे 2017 मधला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून जगभर पसरला. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य मशीनवर ती बसवलेलीच नव्हती. शेअर केलेल्या फोल्डरात स्कॅन टाकायला जुना स्कॅनर तीच आवृत्ती मागत असेल, तर त्याचे स्कॅन ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर घ्यावेत.