सीपॅप यंत्राची दाबजुळणी

झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, मास्कमधून सतत दाबाची हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राचा दाब, आर्द्रता व मास्क रुग्णाला मानवतील अशा रीतीने ठरवण्याची आणि पुढे गरजेनुसार बदलण्याची प्रक्रिया. या यंत्रातून ऑक्सिजन मिळतो असा समज आढळतो, तो बरोबर नाही. यंत्र खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने आत सोडते. झोपेत स्नायू सैल पडल्याने जिभेचे मूळ आणि मृदू टाळू मागे सरून घशाची वाट बंद होते, आणि हवेचा दाब ती वाट आतून उघडी धरतो. हा दाब पाण्याच्या उंचीवरून सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरगुती यंत्रांमध्ये तो साधारणपणे ४ ते २० सेंमी. इतका असतो.

सिडनी विद्यापीठातील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील अनुभव मांडला. ४.५ ते १० सेंमी. दाबाची हवा नाकातून दिल्यावर त्यांचा श्वास रात्रभर अडला नाही. तोपर्यंत तीव्र विकारावर गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवणे हाच खात्रीचा उपाय होता.

योग्य दाब ठरवण्याची मूळ पद्धत निद्रा-प्रयोगशाळेतील आहे. तंत्रज्ञ रात्रभर रुग्णाच्या मेंदूचे तरंग, श्वास आणि रक्तातील ऑक्सिजन पाहत ४ सेंमी.पासून सुरुवात करतो आणि श्वास अडत राहिला तर किमान पाच मिनिटांच्या अंतराने दाब एकेक सेंमी. वाढवतो. ठरलेल्या दाबाची खरी कसोटी उताण्या स्थितीतील स्वप्ननिद्रेत लागते, कारण त्या अवस्थेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि गुरुत्वाकर्षणही जिभेला मागे ओढते. रुग्ण रात्रभर कुशीवरच झोपला असेल तर त्या रात्रीचा आकडा अपुरा ठरण्याची शक्यता राहते.

स्वयंचलित यंत्रे श्वासाच्या प्रवाहावरून दाब आपोआप कमी-जास्त करतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील रात्र अनेकदा टळते, मात्र ४ ते २० ही पूर्ण मर्यादा तशीच खुली ठेवून यंत्र रुग्णाच्या हाती देण्याची प्रथाही पडली आहे. ही सोय रुग्णापेक्षा देणाऱ्याची अधिक आहे. किमान दाब फार कमी असला की जागेपणी हवा पुरत नाही असे वाटते, आणि झोप लागल्यावर श्वास अडल्यानंतरच यंत्र दाब चढवत असल्याने काही अडथळे होऊनच जातात. यावर उपाय म्हणून काही रात्रींची नोंद पाहून, ९५ टक्के वेळ दाब ज्या आकड्याच्या आत राहिला तो शोधतात आणि किमान दाब त्याच्या थोडा खालपर्यंत वाढवून मर्यादा अरुंद करतात.

सुखावहतेच्या सोयींचाही उपचाराशी संबंध असतो. सुरुवातीला दाब कमी ठेवून तो हळूहळू वाढवणारी सोय, जिला रॅम्प म्हणतात, झोप लागेपर्यंत उपयोगी पडते, पण ती फार लांबवली तर रुग्ण अपुऱ्या दाबातच झोपी जातो. उच्छ्वासाच्या वेळी दाब १ ते ३ सेंमी. उतरवणाऱ्या सोयीमुळे श्वास सोडणे हलके होते. परंतु घशाची वाट मिटण्याची भीती उच्छ्वासाच्या अखेरीसही असते, म्हणून ही सोय चालू केल्यावर मूळ दाब थोडा वाढवावा लागू शकतो. पोटात हवा जाऊन ते फुगत असेल तर दाब कमी करण्याचा किंवा ही सोय वापरण्याचा विचार होतो.

आर्द्रतेचे गणित हवामानाप्रमाणे बदलते. कोकणातील पावसाळ्यात जी पातळी नकोशी होते, तीच विदर्भातील कोरड्या हवेत कमी पडते. वातानुकूलित खोलीत थंड नळीत बाष्पाचे पाणी होऊन त्याचे थेंब तोंडावर येतात. तेव्हा आर्द्रता उतरवणे किंवा तापणारी नळी वापरणे हे दोन मार्ग असतात. हवेला ओलावा देणाऱ्या टाकीत ऊर्ध्वपातित पाणी घालावे, नाहीतर क्षार साठतात.

दाबाविषयीच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ प्रत्यक्षात मास्कमध्ये असते. श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाण्यासाठी मास्कला छिद्रे ठेवलेलीच असतात, अडचण कडेने होणाऱ्या गळतीची असते. ती थांबवण्यासाठी पट्टे करकचून आवळले जातात आणि गळती वाढते, कारण मास्कची मऊ कड हवेने फुगून चेहऱ्यावर बसावी अशी तिची रचना असते. मास्क आडवे पडून, दाब चालू असतानाच बसवावा. भरघोस मिशा असलेल्यांना नाकपुड्यांवर टेकणारा छोटा मास्क पूर्ण चेहऱ्याच्या मास्कपेक्षा सोयीचा जाऊ शकतो. सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर तोंडावाटे हवा निसटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी चोंदलेल्या नाकावर उपचार करावेत आणि मग मास्कचा प्रकार बदलण्याचा विचार करावा.

तासाला पाचपेक्षा कमी श्वसन-अडथळे ही यंत्राच्या नोंदीतील समाधानकारक पातळी मानतात. मात्र यंत्र स्वतः चालू असलेले तास मोजते, झोपेचे नव्हे. रुग्ण रात्रभर टक्क जागा असला तरी हा आकडा उत्तम दिसू शकतो. म्हणून दिवसाची पेंग, रात्रीची जाग आणि गळतीची नोंद त्याच्याशी ताडून पाहतात, आणि एका वेळी एकच बदल करून काही रात्री वाट पाहतात.

काहींमध्ये दाब सुरू केल्यावर घसा उघडा असूनही मेंदूकडूनच श्वासाचा आदेश थांबतो. अशा वेळी दाब वाढवत नेल्यास स्थिती बिघडू शकते. पुष्कळांमध्ये हा प्रकार काही आठवड्यांत ओसरतो. तो टिकून राहिल्यास प्रत्येक श्वासागणिक आधार बदलणारे यंत्र वापरतात, परंतु हृदयाचे आकुंचन क्षीण झालेल्या रुग्णांत त्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे २०१५ मधील ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत दिसून आले. त्यामुळे दाबातील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे लागतात. रॅम्प आणि आर्द्रता मात्र सहसा रुग्णाला स्वतः बदलता येतात.

ठरलेला दाब कायमचा नसतो. वजन वाढल्यास तो अपुरा पडतो आणि बरेच घटल्यास जास्त होतो. स्थूल व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र विकारासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या औषधाला मान्यता दिली. अशा उपचारांनी वजन उतरत असताना स्वयंचलित यंत्राची मर्यादा पुन्हा तपासावी लागते, आणि यंत्र बंद करण्याचा निर्णय नव्या निद्रा-चाचणीनंतरच घेतला जातो.